आज कोणत्या नावाने हाक मारू?

११ जून

कशी उठणार मी! तीनदा पुकारलं. आधी काचेमागून, मग दारात येऊन, मग हॉलच्या मधोमध उभं राहून — घसा ताणून! आणि नाव कोणतं? एप्रिलमध्ये आमच्या भाचीबरोबर मातीत गेलं, ते. पोरगी माझ्याच नावाची होती. ती गेली त्या दिवसापासून ते नाव कोणाच्या तोंडात नाही, आणि मी झाले कुमंजाई. गेलेल्या माणसाशी ज्याचं नाव जुळतं तो कुमंजाई, हे आमच्यातल्या शेंबड्या पोरालाही कळतं. हॉस्पिटलच्या कम्प्युटरला कळत नाही. खिडकीवरच्या मुलीने नाव विचारलं तेव्हा तोंडाने सांगता येईना, म्हणून कार्ड पुढे केलं. कार्डावर जुनंच!

हॉलमध्ये निम्मी माणसं आमचीच. पहिल्या हाकेला सगळ्यांच्या माना खाली. दुसऱ्या हाकेला कोपऱ्यातल्या म्हाताऱ्याने टोपी काढली आणि तो बाहेर निघून गेला. तिसऱ्या हाकेला ताईने माझं मनगट असं आवळलं की छातीतली कळ विसरायला झाली. "हलू नकोस. त्या पोरीला हाका मारतायत. आपण ओ द्यायची नाही."

तेवढ्यात जावई आत आला! हाताला टॉवेल, टॉवेलमधून रक्त. सासूने जावयाबरोबर एका खोलीत बसायचं नाही, तोंड बघायचं नाही. ताई त्याची सासू, मी ताईची बहीण, म्हणजे मीही सासूच. बिचारा आम्हाला बघून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. दुसरं दार नाही. आम्ही डोक्यावरून जॅकेट ओढलं आणि भिंतीला घासत बाहेर पडलो. आमच्या पाठीमागे त्यांनी लिहून टाकलं असेल — पेशंट वाट न बघता निघून गेली.

घरी येऊन चहा, निखाऱ्यावरची जाड भाकरी. ताईचं तोंड चालूच होतं. "मी मेले तरी त्या दारात पाय ठेवणार नाही. तिथे जिवंत माणसाला मेलेल्याच्या नावाने हाका मारतात!" छाती अजून जड आहे. पण घर उबदार आहे, कुत्री पायाशी आहेत. देवाचे आभार मानून झोपते.

१२ जून

ताई म्हणते गॅस आहे. असेल.

१६ जून

हॉस्पिटलच्या पलंगावरून लिहिते आहे. गॅस नव्हता!

दुकानात साखर घेता घेता आडवी झाले. अॅम्ब्युलन्स आली, हृदयात जाळी बसवली, हे सगळं नंतर कळलं. जिवंत आहे. आज हे चार शब्द लिहायलाच तनिशाकडून वही मागवली. तनिशा ताईची लेक, म्हणजे माझीही लेकच. शाळेत पोरांना आपली भाषा शिकवायचे तेव्हापासून रोज लिहायची सवय आहे, ती काही जाळी बसवल्याने सुटत नाही.

दुपारी एक नर्स आली. गोरी, चाळिशीची, केस पाठीमागे बांधलेले. मी लगेच ओळखलं. तीच, घसा ताणणारी! मी डोळे मिटले. ती गेली नाही. खुर्ची माझ्या समोर न ठेवता शेजारी ठेवली आणि खिडकीबाहेर बघत बसली. मग हळू म्हणाली, "त्या दिवशी मी हाक मारली तेव्हा तुम्ही समोरच होता. मी तुम्हाला पाहिलं होतं. तरी 'निघून गेली' असं मीच लिहिलं. परवा तुम्हाला स्ट्रेचरवरून आणलं तेव्हापासून झोप नाही. तुम्ही उठला का नाहीत?"

मी गप्प. तीही गप्प! प्रश्न विचारून गप्प बसणारी गोरी बाई मी पहिल्यांदा पाहिली. बऱ्याच वेळाने मीच सांगितलं. भाचीचं, नावाचं. तिने तोंडावर हात ठेवला, डोळे भरून आले. "मी तीनदा ओरडले." हो बाई, तीनदा.

मग विचारते, "मी तुम्हाला काय म्हणू?"

"कुमंजाई."

दोनदा चुकली, तिसऱ्यांदा नीट म्हणाली. जाताना "येते, कुमंजाई मावशी." मी तिच्या बिल्ल्यावर नाव वाचलं आणि हसूच आलं. मिरियम! आमच्या ताईचं नाव!

ताई आत आलेली नाही. रस्त्यापलीकडच्या झाडाखाली बसून असते, तनिशाच्या हाती फॉइलमध्ये गुंडाळलेली कांगारूची शेपटी पाठवते. खिडकीतून हात केला की तोंड फिरवते. मग हळूच वळून बघते.

१७ जून

शेपटी थंड होती तरी सगळी खाल्ली. पलीकडच्या पलंगावरच्या बाईला वास आवडला नाही. तिचं तिच्यापाशी.

२२ जून

घरी. उन्हात गोधडी घालून बसले होते. आमच्याकडे जूनमध्ये थंडी कडक, सकाळी नळातलं पाणी गोठतं. किती बरं वाटतं पण — आपली लाल माती, आपलं आवार, आपली भांडणारी पोरं.

आज ताईचा पाय पाहिला. बघायचा नव्हता, वासाने पाहिला. ती चित्र रंगवत मांडी घालून बसली होती, डाव्या पायात दोन मोजे. एक ओढला तर अंगठ्याजवळ काळं आणि ओलं! साखर तर तिला किती वर्षांची. शेकोटीपाशी कधीतरी भाजलं, कळलंच नाही म्हणते. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता हॉस्पिटल. तिने ब्रश खाली ठेवला नाही. "तिथे गेलं की आधी बोट कापतात, मग पाय, मग किडनीच्या मशीनला बांधतात. माणूस आपल्या मुलखात परत जात नाही. तू काही बोललीस तर याद राख."

ती थोरली. तिच्या अंगाबद्दल मी बाहेर बोलायचं नाही, हे तिचं तिने ठरवायचं. माझा हक्क फक्त डोकं खाण्याचा. तो मी पुरेपूर बजावला. पण खरं सांगू, मला भीती वाटते. आईनंतर हिनेच मला वाढवलं. ही गेली तर मला "धाकटे" म्हणणारं कोणी उरणार नाही.

३० जून

मोठी गंमत झाली! नर्स मिरियम सुट्टीच्या दिवशी शहराच्या कडेला आमची घरं आहेत त्या कॅम्पवर आली, तनिशाबरोबर. हातात केक. कुत्र्यांनी गाडीला घेरलं, ती काचेआडून केक दाखवत बसली. शेवटी मी काठी घेऊन गेले.

ताईने पाठ फिरवली. रंगवत राहिली. नर्स जमिनीवर बसली, तिच्या शेजारी, तिच्याकडे न बघता. (शिकली!) मग म्हणाली, "मी मिरियम."

ताईचा ब्रश थांबला. "माझं नाव तुला कोणी दिलं?"

"आजीने."

"तुझ्या आजीने मला विचारलं होतं?"

नर्सला कळेना हसावं की माफी मागावं. ताईच खो खो हसली. म्हणाली, "माझं नाव घेऊन फिरतेस म्हणजे तू मीच की. माझं गोत नुंगराई, तर तुझंही नुंगराई. ही कुमंजाई माझी धाकटी बहीण, म्हणजे तुझीही. हिला चहा करून दे!" झालं. एका केकमध्ये गोरी बाई आमच्या घरातली झाली. आमच्यात ज्याचं नाव तुमचं, त्याची नातीही तुमची. आता नर्सचा नवरा माझा कोण लागतो ते ताईने तिला बोटांवर मोजून समजावलं. त्याला आता माझ्याशी थट्टा करायचा पूर्ण हक्क आहे म्हणे. नर्स म्हणाली, तो फार गंभीर माणूस आहे. ताई म्हणाली, आणून दे.

चहा बरा केला. साखर कमी होती.

उठताना तिने खरं काम काढलं. इमर्जन्सीतून आपली किती तरी माणसं न दाखवताच परत जातात. तिच्या लोकांना का ते कळत नाही. कोणी येऊन सांगेल का? ताई म्हणाली, "त्या दारातून नाही."

"मग दाराबाहेर. झाडाखाली."

ताईने बराच वेळ रंग कालवला. "शेकोटी असेल तर."

ताईचा मोजा घट्ट ओढलेला. नर्सला दिसला नाही. मी नर्सकडे बघितलं, ताईने माझ्याकडे. मी चहा प्यायले.

११ जुलै

आज ती बैठक. पार्किंगच्या बाजूच्या मोठ्या झाडाखाली, अर्ध्या पिंपात शेकोटी. गार्ड धावत आला — आग चालणार नाही! मिरियम त्याच्याशी कुजबुजली, तो पाण्याची बादली घेऊन आला आणि तिच्यावरच बसला. छान माणूस निघाला. दर पाच मिनिटांनी लाकूड सारत होता.

पाच-सहा नर्सेस, डॉक्टर ओवेन, आम्ही दोघी, आणखी चार म्हाताऱ्या. सगळे ताईकडे बघतायत. ताई शेकोटीकडे. बोलेचना! थंडीत सगळे अवघडलेले. शेवटी डॉक्टर ओवेनने हळूच घड्याळ पाहिलं.

"पाहिलंस घड्याळ," ताई म्हणाली, मान वर न करता. "मला लगेच घरी जावंसं वाटलं. असंच होतं तिथे आत."

डॉक्टर लाल झाला. पण भला माणूस. घड्याळ काढून खिशात टाकलं.

मग ताई बोलली. नावाचं मी सांगावं म्हणाली, ते मी सांगितलं. जावयाचं तिने सांगितलं, रक्त ठिबकत भिंतीकडे तोंड करून उभा राहिल्याची नक्कल करून! सगळे हसले. डॉक्टर ओवेनने विचारलं, "पण मी विचारतो, दुखतं का, तुम्ही म्हणता हो. विचारतो, आता बरं आहे का, तरी हो. मी काय समजायचं?"

"हो म्हणजे, आता पुरे, मला जाऊ दे."

डॉक्टर म्हणाला, "दहा वर्षं मी ते 'हो' लिहून घेतोय." आमची सगळ्यात म्हातारी बाई इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं.

एकतर्फी नव्हतं हं. एका नर्सने धीर करून सांगितलं, एका पेशंटमागे वीस माणसं येतात, सगळी एकदम रडतात, कोणाला काय विचारायचं कळत नाही. आणि कोणी रागावून निघून गेलं तर का गेलं तेही सांगत नाही. ताई म्हणाली, "खरं आहे. आमची माणसं तोंड मिटून रागावतात. मी पण." एवढं कबूल करताना मी तिला पहिल्यांदाच पाहिलं!

ठरलं असं — ओरडायचं नाही. जवळ येऊन, शेजारी बसून विचारायचं, आज कोणत्या नावाने हाक मारू? 'आज' हा शब्द ताईने घालायला लावला. नाव कधी जाईल सांगता येत नाही म्हणाली.

घरी येताना लंगडत होती. विचारलं तर म्हणे थंडी.

८ ऑगस्ट

केलं! खरंच केलं! मला वाटलं होतं नुसती बोलतात. झाडाखाली बाकं, वाऱ्याला आडोसा, मागच्या बाजूला दुसरं दार. सासू एका दाराने, जावई दुसऱ्या. गार्ड सगळ्यांना विचारतो, "तुम्हाला कोणाच्या नजरेआड बसायचं आहे का?" आणि आडनाव-गाव काही न विचारता नेऊन बसवतो. आज मी तपासणीला गेले तर एक अगदी नवी नर्स शेजारी येऊन बसली, नखं कुरतडत. "मावशी, आज कोणत्या नावाने हाक मारू?" मी म्हटलं कुमंजाई. तिने मान डोलावली, बस्स. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. एवढ्यासाठी! किती थोडं लागतं माणसाला.

सगळे खूष नाहीत. काचेमागची एकजण पुटपुटत होती की हे हॉस्पिटल आहे की सहल. पुटपुटू दे.

ताई दर गुरुवारी झाडाखाली जाऊन बसते. घाबरलेल्या माणसांना धीर देते, नव्या नर्सेसना दटावते, फुकटचा चहा पिते. आज तिने एका बाईला, पायाला जखम झालेल्या बाईला, हाताला धरून दारापर्यंत पोचवलं. "जा गं, आता चांगली माणसं आहेत आत." आणि स्वतःचा पाय बाकाखाली सारून बसली! माझा असा संताप झाला. घरी येऊन मी भांडले, भांडी आपटली. ती म्हणते, "तिचं वेगळं, माझं वेगळं. मी बोलले होते त्या दारात पाय ठेवणार नाही. बोललेलं मागे कसं घेऊ?"

मान! दुसरं काही नाही, मान. मोजे आता तीन झालेत.

१५ ऑगस्ट

रात्रीच्या मिणमिणत्या दिव्यात लिहिते आहे. अक्षर वाचता येईल की नाही कोण जाणे.

सकाळी ताईला ताप. मी नको म्हणत असताना गुरुवार आहे म्हणून निघाली. झाडाखाली बसली आणि आईशी बोलायला लागली. आमची आई, जिला जाऊन जमाना झाला. मी आत धावले — म्हणजे दारापर्यंत, आत जाऊन सांगायचा मलाच धीर होईना — आणि मिरियमला खूण केली. काही सांगितलं नाही. फक्त खूण.

ती आली. पळत नाही आली, चालत. ताईच्या शेजारी बसली. हात लावला नाही. शेकोटीकडे बघत बसली. मला ओरडावंसं वाटत होतं, अगं बाई, बघ की पाय! वास येतोय की!

मग म्हणाली, "नुंगराई, मी तुझं नाव घेऊन त्या दारातून रोज आत जाते. म्हणजे तू रोजच जातेस."

ताईने तिच्याकडे बघितलं. ताप इतका, तरी डोळ्यांत ती जुनी चमक आली. मग म्हणाली, "मग आज मी गेले काय आणि तू गेलीस काय. पण मागच्या दाराने." आणि मोजा स्वतःच्या हाताने काढला.

मिरियमचं तोंड पांढरं पडलं. चाकाची खुर्ची आली. आत आम्ही सातजण गेलो, कोणी बाहेर काढलं नाही. डॉक्टर ओवेन पडद्याबाहेर उभा राहून विचारत होता, आतली बाई डॉक्टर बघत होती. प्रत्येक प्रश्नानंतर थांबत होते. ताई म्हणाली "हो", तर ओवेन पडद्यामागून म्हणतो, "हे कोणतं हो, नुंगराई?" त्या तापातही ती हसली!

पायाचं विष रक्तात चाललंय. उद्या कापणार. किती, ते उद्याच.

ती राहिली. उठून गेली नाही. देवा, ती राहिली.

१६ ऑगस्ट

दोन बोटं. फक्त दोन बोटं! पाय वाचला. आणखी थोडे दिवस घालवले असते तर पायही नाही आणि तीही नाही, असं डॉक्टर म्हणाला.

कोणाकोणाचे आभार मानू? मिरियमचे, ओवेनचे, बादलीवर बसणाऱ्या गार्डचे, नखं कुरतडणाऱ्या पोरीचे, तिन्ही मोज्यांचे सुद्धा.

१८ ऑगस्ट

ताई शुद्धीवर आली आणि पहिला प्रश्न — "माझी बोटं कुठायत?"

फेकून देतात म्हटल्यावर तिने आकाशपाताळ एक केलं. "माझ्या बापाच्या मुलखातली माती आहे ती! कचऱ्यात?" मिरियम दिवसभर या खोलीतून त्या खोलीत. संध्याकाळी घट्ट झाकणाचा डबा घेऊन आली. चेहरा असा, जसं काही युद्ध जिंकून आली. ताईने डबा उशाशी ठेवला. शेजारची बाई दुसऱ्या वॉर्डात हलवून मागते आहे.

१ सप्टेंबर

ताईला घेऊन आपल्या मुलखात. बोटं पुरायची म्हणून दोन गाड्या! पुढच्या गाडीत जावई आणि फावडं, मागच्या गाडीत आम्ही. तो खड्डा खणून टेकडीमागे जाऊन उभा राहिला, मग आम्ही उतरलो. गुणी पोरगा. त्याच्याकडे बघता येत नाही, म्हणून इथे लिहिते.

मिरियम आली होती, नवऱ्याला घेऊन. खरंच गंभीर माणूस. ताईने मला कोपर मारलं, "थट्टा करायचा याचा हक्क आहे, आणि हा बघ, खडकासारखा." शेवटी त्याने मला विचारलं की माझं हृदय दुरुस्त केलंय तर गॅरंटी किती वर्षांची. सगळे गडाबडा हसले. पास!

ताईने डबा पुरला, वरून माती थापटली, आईसारखं गुणगुणली. मग मिरियमला म्हणाली, "मी थोडी आधी आले इथे. बाकीची नंतर येईन." पोटात मध साठवणाऱ्या मधमुंग्या उकरून शोधल्या आम्ही, मिरियमने एक खाल्ली, डोळे मिटून. मग डोळे उघडून आणखी मागितली.

असा दिवस मिळाला. काही मागणं उरलं नाही.

१० ऑक्टोबर

उकाडा सुरू. ताई गुरुवारी झाडाखाली असते, सँडलमधून पाय सगळ्यांना दाखवते. "ही बघा माझी तीन बोटं. मोजे घालून बसाल तर एवढीही उरायची नाहीत." घाबरणारी माणसं हसत आत जातात. हॉस्पिटलवाले म्हणे आता कमी जण न दाखवता परत जातात. कॅम्पमधल्या बायका सांगतात तेवढंच मला पुरे.

आज भांडण — तिने माझा निळा रंग संपवला. विचारलंही नाही!

३ नोव्हेंबर

ताईला दम लागतोय. झोपूनही लागतो. मी काही म्हणायच्या आत स्वतःच म्हणाली, "चल धाकटे, चप्पल घाल. आपल्या दाराने जाऊ."

९ डिसेंबर

आज पहिल्यांदा बाहेर पडले. आपल्या मुलखातल्या वस्तीवरून परवा आलो. दुःखाचे दिवस नीट झाले, सगळी माणसं आली, दुःखात कापलेले केस अजून कानाच्या वर आहेत. शेवटी ताई आत होती तेव्हा आम्ही सगळे तिच्या भोवती होतो, पंचवीस तरी. कोणी घड्याळ पाहिलं नाही. तेव्हा लिहिता आलं नाही, आज लिहिते.

गोळ्या संपल्या म्हणून हॉस्पिटलला गेले. झाडाखाली बसले. शेजारी कोणीतरी येऊन बसलं. बघितलं तर आमची ती नर्स. खूप वेळ आम्ही दोघी रडलो. मग माझं लक्ष तिच्या बिल्ल्याकडे गेलं. नावावर पांढरी चिकटपट्टी. तिला कोणी सांगितलं नव्हतं. मी नाही, तनिशानेही नाही.

गार्डने दारातून हाक मारली — "कुमंजाई!"

आम्ही दोघींनी मागे वळून पाहिलं.

"तू नाही मावशी, ती," तो म्हणाला. "आता आम्ही हिलाही तेच म्हणतो."

ती उठली. जाताना खिशातून चिकटपट्टीचं उरलेलं रीळ काढून माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "तुझ्या वहीतही ते नाव असेल ना, धाकटे."

आहे. जूनपासून आहे. उद्या उजेडात बसून एकेक झाकेन.